बालकांना प्रतिजैविक सिरप देताना : मात्रा, माप आणि मुदत

पावसाळा सुरू झाला, की देशभरातील बालरुग्ण विभागांमध्ये ताप, घसादुखी, कानदुखी, खोकला आणि जुलाब यांनी त्रस्त असलेल्या बालकांची गर्दी वाढते. यांपैकी काही बालकांना जिवाणूंचा संसर्ग झालेला असतो आणि डॉक्टर त्यांना प्रतिजैविक औषध लिहून देतात. गोळी गिळता न येणाऱ्या लहान बालकांसाठी हे औषध बहुधा सिरपच्या स्वरूपात असते. डॉक्टरांनी योग्य औषध निवडले, तरी ते घरी योग्य प्रमाणात तयार झाले, मोजले गेले आणि ठरलेले सर्व दिवस दिले गेले, तरच त्याचा उपयोग होतो. बाटलीत पाणी जास्त पडणे, घरातील चमच्याने औषध मोजणे, ताप उतरताच औषध थांबवणे अशा लहान वाटणाऱ्या चुकांमुळे आजार लांबतो आणि प्रसंगी तो गंभीर वळण घेतो. म्हणूनच हे औषध देण्याची शास्त्रशुद्ध पद्धत प्रत्येक पालकाला माहीत असणे आवश्यक आहे.

प्रतिजैविक कोणत्या आजारावर?

प्रतिजैविके जिवाणूंना मारतात किंवा त्यांची वाढ रोखतात. विषाणूंवर त्यांचा कोणताही परिणाम होत नाही. साधी सर्दी, फ्लू आणि बालकांमधील बहुतांश खोकला व घसादुखी हे विषाणूंमुळे होणारे आजार आहेत. पाण्यासारखे जुलाबही बहुतेक वेळा प्रतिजैविकाविना बरे होतात. त्यांत जलसंजीवनी आणि झिंक हाच मुख्य उपचार असतो. याउलट जिवाणूजन्य न्यूमोनिया, विषमज्वर, मूत्रमार्गाचा संसर्ग, स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंमुळे होणारा घशाचा संसर्ग आणि कानाचे काही संसर्ग यांत प्रतिजैविक आवश्यक ठरते.

आजार विषाणूजन्य आहे की जिवाणूजन्य, हे केवळ तापाच्या आकड्यावरून किंवा नाकातील शेंबडाच्या रंगावरून ठरत नाही. सर्दीत काही दिवसांनी शेंबूड पिवळा किंवा हिरवट होणे स्वाभाविक असते. निदान तपासणीनंतर आणि गरज भासल्यास रक्ताची किंवा लघवीची चाचणी करून केले जाते. त्यामुळे मागच्या वेळी याच औषधाने बरे वाटले होते, एवढ्या आधारावर दुकानातून तेच सिरप आणणे योग्य नाही. तसेच डॉक्टरांनी प्रतिजैविकाची गरज नाही असे सांगितल्यास त्यासाठी आग्रह धरू नये.

डॉक्टरांना काय सांगावे, काय विचारावे?

बालकांसाठी औषधाची मात्रा मुख्यतः वजनावरून ठरते. एकाच वयाच्या दोन बालकांच्या वजनात तीन-चार किलोंचा फरक असू शकतो. त्यामुळे प्रत्येक भेटीत बालकाचे वजन केले जावे, याकडे पालकांनी लक्ष द्यावे. शेजारच्या मुलाला किंवा थोरल्या भावंडाला जेवढे औषध दिले गेले तेवढेच धाकट्याला देणे धोक्याचे आहे.

पूर्वी एखादे औषध घेतल्यावर अंगावर पित्त उठले असेल, चेहरा सुजला असेल किंवा श्वास घेण्यास त्रास झाला असेल, तर ते डॉक्टरांना आठवणीने सांगावे. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या बालकाला अमॉक्सिसिलिनही देता येत नाही, कारण ही दोन्ही औषधे एकाच कुळातील आहेत. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार, फिट येण्याचा त्रास आणि सध्या सुरू असलेली इतर औषधे यांचीही माहिती द्यावी. त्यांत आयुर्वेदिक व होमिओपॅथिक औषधेही आली.

दवाखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी पाच प्रश्नांची उत्तरे पालकांकडे असावीत. औषधाचे नाव आणि तीव्रता काय, एका वेळी किती मिलिलिटर द्यायचे, दिवसातून किती वेळा द्यायचे, किती दिवस द्यायचे आणि जेवणाआधी की जेवणानंतर द्यायचे. चिठ्ठीत केवळ 'एक चमचा' असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ किती मिलिलिटर, हे विचारून त्याच चिठ्ठीवर लिहून घ्यावे.

बाटलीवरील आकड्यांचा अर्थ

प्रतिजैविक सिरपच्या बाबतीत सर्वाधिक गोंधळ होतो तो तीव्रतेचा. एकाच औषधाच्या निरनिराळ्या तीव्रतेच्या बाटल्या बाजारात मिळतात. उदाहरणार्थ, अमॉक्सिसिलिनच्या एका बाटलीवर '५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम', तर दुसऱ्या बाटलीवर '५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम' असे छापलेले असते. मिलिग्रॅम हे प्रत्यक्ष औषधाचे वजन आहे आणि मिलिलिटर हे ते औषध सामावून घेणाऱ्या द्रावणाचे माप आहे.

समजा, डॉक्टरांना बालकाला एका वेळी २५० मिलिग्रॅम औषध द्यायचे आहे. पहिल्या बाटलीतून त्यासाठी १० मिलिलिटर, तर दुसऱ्या बाटलीतून ५ मिलिलिटर द्यावे लागेल. डॉक्टरांनी पहिली बाटली गृहीत धरून १० मिलिलिटर लिहिले आणि दुकानातून दुसरी बाटली मिळाली, तर बालकाच्या पोटात दुप्पट औषध जाईल. उलट घडल्यास मात्रा निम्मी होईल आणि संसर्ग आटोक्यात येणार नाही. म्हणून चिठ्ठीवरील तीव्रता आणि बाटलीवरील तीव्रता दुकानातच ताडून पाहावी. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचे औषध दिले असेल, तर केवळ नाव सारखे असून भागत नाही. आकडाही सारखा असावा लागतो.

अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यांच्या मिश्रणाच्या बाटलीवर २२८.५ किंवा ४५७ असे आकडे आढळतात. हे आकडे दोन औषधांच्या बेरजेचे आहेत. पहिल्यात ५ मिलिलिटरमागे २०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन व २८.५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल, तर दुसऱ्यात ४०० व ५७ मिलिग्रॅम असते. म्हणजे दुसरी बाटली पहिलीच्या दुप्पट तीव्र असते.

तान्ह्या बालकांसाठी मिळणारे थेंबांचे औषध आणि सिरप यांतील फरकही ध्यानात घ्यावा. अमॉक्सिसिलिनच्या थेंबांच्या औषधात दर मिलिलिटरमागे १०० मिलिग्रॅम औषध असते. ते सिरप समजून ५ मिलिलिटर पाजल्यास बालकाला ५०० मिलिग्रॅम औषध मिळेल. म्हणजे १२५ तीव्रतेच्या सिरपच्या तुलनेत चौपट. बाटली लहान म्हणजे औषध सौम्य, हा समज चुकीचा आहे.

पूड पाण्यात मिसळताना

बहुतेक प्रतिजैविक सिरप दुकानात मिळतात तेव्हा द्रवरूप नसतात. बाटलीत कोरडी पूड असते आणि ती पाण्यात मिसळून औषध तयार करावे लागते. पाण्यात मिसळल्यानंतर या औषधांची शक्ती काही दिवसांतच कमी होऊ लागते, म्हणून कारखान्यातून ती पुडीच्या स्वरूपात येतात. शक्य असल्यास औषध विक्रेत्याकडूनच ते तयार करून घ्यावे. घरी तयार करायचे असल्यास पुढील क्रम पाळावा.

पाणी उकळून पूर्णपणे थंड करून घ्यावे. काही बाटल्यांसोबत निर्जंतुक पाण्याची कुपी दिलेली असते. ती असल्यास तेच पाणी वापरावे. गरम पाण्यामुळे औषध खराब होते, म्हणून पाणी कोमटही नसावे. हात साबणाने धुवावेत. बाटली उघडण्यापूर्वी ती उलटसुलट करून हलक्या हाताने ठोकावी, म्हणजे तळाशी घट्ट बसलेली पूड सुटी होते. त्यानंतर झाकण उघडून वेष्टनावर सांगितलेल्या पाण्यापैकी साधारण निम्मे पाणी ओतावे, झाकण लावून बाटली जोरात हलवावी आणि पुडीच्या गाठी विरघळू द्याव्यात. मग बाटलीवरील बाणाच्या किंवा वर्तुळाच्या खुणेपर्यंत उरलेले पाणी घालून पुन्हा हलवावे.

बाटली हलवल्यावर फेस येतो. फेसाची पातळी खुणेला लागली म्हणजे औषध तयार झाले, असे समजू नये. दोन-तीन मिनिटे थांबून फेस बसू द्यावा. द्रावण खुणेच्या खाली गेले असेल, तर खुणेपर्यंत आणखी पाणी घालून बाटली हलवावी. पाणी कमी पडल्यास प्रत्येक चमच्यात औषध जास्त जाते, जास्त पडल्यास औषध पातळ होते. खुणेच्या वर पाणी गेल्यास ते ओतून टाकून चूक सुधारता येत नाही, कारण पाण्याबरोबर औषधही जाते. अशा वेळी औषध विक्रेत्याचा सल्ला घ्यावा.

औषध तयार केल्याची तारीख पेनाने बाटलीवर लिहून ठेवावी. खोक्यावर छापलेली अंतिम मुदत कोरड्या पुडीसाठी असते. पाणी मिसळल्यानंतर ती लागू राहत नाही. तेव्हापासून वेष्टनावर सांगितलेले दिवस मोजले जातात.

घरातला चमचा नको

आपल्या घरांत चहाचा, पोहे खाण्याचा, आमटी वाढण्याचा असे नाना आकारांचे चमचे असतात. औषधशास्त्रात एक लहान चमचा म्हणजे ५ मिलिलिटर मानला जातो, परंतु प्रत्यक्षातील चमच्यांत याहून बरेच कमी किंवा बरेच जास्त द्रव मावते. दोन घरांतील चमचे सारखे नसतात, इतकेच नव्हे तर सकाळी आईने आणि रात्री आजीने घेतलेला चमचाही सारखा नसतो. त्यामुळे बाटलीसोबत मिळालेले मापाचे झाकण, मापाचा चमचा किंवा सुई नसलेली सिरिंज यांचाच वापर करावा.

पाच मिलिलिटरपेक्षा कमी किंवा अडीच, साडेतीन अशी मात्रा असेल, तेव्हा तोंडाने औषध देण्यासाठीची सिरिंज सर्वांत अचूक ठरते. ती औषधाच्या दुकानात मिळते. सिरिंजच्या टोकावर लहान टोपण असल्यास ते प्रथम काढून दूर ठेवावे, अन्यथा ते बालकाच्या घशात अडकू शकते. मापाचे झाकण वापरताना ते सपाट जागेवर ठेवून, डोळे त्या रेषेच्या पातळीवर आणून वाचावे. झाकण हातात उंच धरून पाहिल्यास माप चुकते. झाकणावर २.५, ५, ७.५ व १० अशा खुणा असतात, २.५ ही खूण २५ समजू नये.

प्रत्येक वेळी औषध काढण्यापूर्वी बाटली नीट हलवणे आवश्यक आहे. औषधाचे कण पाण्यात पूर्ण विरघळलेले नसतात, ते तरंगत असतात आणि बाटली स्थिर राहिल्यास तळाशी बसतात. बाटली न हलवता दिलेल्या पहिल्या काही मात्रांत औषध कमी आणि शेवटच्या मात्रांत ते फार जास्त जाते.

औषध पाजण्याची पद्धत

बालकाला आडवे झोपवून, नाक दाबून औषध पाजण्याची रीत अनेक घरांत आजही आढळते. ही पद्धत धोकादायक आहे. नाक बंद असताना आणि रडताना बालक तोंडाने जोरात श्वास घेते आणि औषध श्वासनलिकेत जाऊ शकते. बालकाला मांडीवर अर्धवट बसते ठेवावे आणि डोके किंचित उंच असावे. सिरिंजचे टोक गालाच्या आतील बाजूस ठेवून औषध थोडे थोडे सोडावे. प्रत्येक घोट गिळल्यावरच पुढचा द्यावा. घशाच्या मागच्या बाजूस एकदम पिचकारी मारू नये. बालक रडत असेल, तर ते शांत होईपर्यंत थांबावे.

कडवट चव झाकण्यासाठी औषध दुधाच्या पूर्ण बाटलीत किंवा वाटीभर खिमटीत मिसळू नये. बालकाने ते अर्धेच घेतले, तर नेमकी किती मात्रा पोटात गेली हे कळत नाही. गरज वाटल्यास औषध दिल्यानंतर लगेच दोन घोट पाणी किंवा आवडीचा पदार्थ द्यावा. एक वर्षाखालील बालकाला औषधासोबत मध चाटवू नये. मधात क्वचित आढळणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे या वयात बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. औषधाला 'गोड सरबत' किंवा 'चॉकलेट' म्हणू नये, कारण पुढे बाटली हाती लागल्यास मूल ती स्वतःच पिण्याचा संभव असतो.

स्तनपान घेणाऱ्या बालकाचे स्तनपान सुरूच ठेवावे. अमॉक्सिसिलिन रिकाम्या पोटी किंवा खाल्ल्यानंतर, कसेही देता येते. क्लॅव्ह्युलॅनिक आम्लासह असलेले मिश्रण जेवणाच्या सुरुवातीला दिल्यास पोटाचा त्रास कमी होतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन यांसारखी काही प्रतिजैविके मात्र दुधातील कॅल्शियममुळे कमी शोषली जाण्याची शक्यता असते. म्हणून दुधाविषयीचा प्रश्न प्रत्येक औषधासाठी स्वतंत्रपणे विचारावा.

वेळापत्रक, विसरलेली मात्रा आणि उलटी

दिवसातून दोनदा औषध म्हणजे साधारण बारा तासांच्या अंतराने, तर तीनदा म्हणजे साधारण आठ तासांच्या अंतराने. जिवाणूंचा नाश होण्यासाठी शरीरातील औषधाचे प्रमाण टिकून राहावे लागते. सकाळी दहा आणि दुपारी दोन वाजता दोन्ही मात्रा देऊन मोकळे होणे म्हणूनच उपयोगाचे नसते. घरात औषध देणाऱ्या व्यक्ती एकाहून अधिक असतील, तर दिनदर्शिकेवर किंवा कागदावर तारीख व वेळ लिहून प्रत्येक मात्रेनंतर खूण करावी. त्यामुळे एकच मात्रा दोघांकडून दिली जाणे किंवा दोघांकडूनही राहून जाणे टळते.

एखादी मात्रा विसरल्यास आठवण होताच द्यावी. मात्र पुढील मात्रेची वेळ जवळ आली असेल, तर विसरलेली मात्रा सोडून द्यावी आणि ठरलेले वेळापत्रक पुढे चालवावे. भरपाई म्हणून एकदम दोन मात्रा देऊ नयेत.

औषध दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत बालकाला उलटी झाली, तर तीच मात्रा साधारणपणे पुन्हा दिली जाते. अर्ध्या तासानंतर उलटी झाल्यास मात्रा पुन्हा देण्याची गरज बहुधा नसते. पुन्हा दिलेले औषधही उलटून पडले किंवा प्रत्येक वेळी तसेच होऊ लागले, तर तिसऱ्यांदा प्रयत्न न करता डॉक्टरांना कळवावे. बालकाने चुकून खूप जास्त औषध प्यायल्यास उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये. बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठावे.

फ्रिजमध्ये की बाहेर?

याचे उत्तर औषधागणिक बदलते. अमॉक्सिसिलिन व क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाचे तयार केलेले द्रावण २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते आणि ते सात दिवसांत संपवावे लागते. अझिथ्रोमायसिनचे सिरप सामान्यतः घरातील थंड, सावलीच्या जागी ठेवले तरी चालते. क्लॅरिथ्रोमायसिनचे द्रावण तर फ्रिजमध्ये ठेवू नये, अशी सूचना असते. म्हणून वेष्टनावरील सूचना वाचणे हाच खात्रीचा मार्ग आहे. फ्रिजमध्ये ठेवायचे औषध बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नये.

घरात फ्रिज नसेल किंवा विजेचा भरवसा नसेल, तर ही गोष्ट संकोच न करता डॉक्टरांना सांगावी. अशा कुटुंबांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्यांचा पर्याय अनेकदा उपलब्ध असतो. अमॉक्सिसिलिनची अशी गोळी चमचाभर उकळून थंड केलेल्या पाण्यात काही क्षणांत विरघळते. तिला शीतगृहाची गरज नसते आणि मात्रा मोजण्यात चूक होण्याचा संभवही कमी असतो. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी बालकांच्या न्यूमोनियासाठी याच स्वरूपातील अमॉक्सिसिलिनची शिफारस केली आहे.

औषध कोणतेही असो, ते मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंच किंवा बंद जागी ठेवावे.

बाटली संपली म्हणजे उपचार संपला?

ही अत्यंत सर्रास आढळणारी गैरसमजूत आहे. बाजारातील बऱ्याच बाटल्या ३० मिलिलिटरच्या असतात. डॉक्टरांनी ५ मिलिलिटर दिवसातून दोनदा असे पाच दिवस औषध लिहिले असेल, तर एकूण ५० मिलिलिटर औषध लागेल. दिवसाला १० मिलिलिटर या हिशेबाने पहिली बाटली तिसऱ्याच दिवशी संपते. ताप उतरलेला असतो, मूल खेळू लागलेले असते आणि दुसरी बाटली आणली जात नाही. म्हणून एकूण किती मिलिलिटर औषध लागेल याचा गुणाकार पहिल्याच दिवशी करावा आणि तेवढ्या बाटल्या घ्याव्यात. मात्र दुसऱ्या बाटलीत पाणी पहिली संपल्यावरच घालावे.

याच्या उलटही घडते. ठरलेले दिवस पूर्ण झाले तरी बाटलीत औषध शिल्लक राहते. ते संपवण्यासाठी औषध पुढे देत राहू नये. उपचाराचा कालावधी डॉक्टर ठरवतात, बाटलीचा आकार नव्हे. प्रत्येक संसर्गासाठी हा कालावधी वेगळा असतो. घरी उपचार करता येण्याजोग्या न्यूमोनियात अनेकदा पाच दिवसांपर्यंतचा उपचार पुरेसा ठरतो, तर स्ट्रेप्टोकोकसमुळे झालेल्या घशाच्या संसर्गात पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन सामान्यतः दहा दिवस दिले जाते.

घशाच्या या संसर्गात औषध मध्येच थांबवण्याची किंमत मोठी असू शकते. घसा दोन-तीन दिवसांत बरा वाटू लागतो, परंतु जिवाणूंचा पूर्ण नायनाट झाला नाही, तर काही बालकांना पुढे संधिवाताचा ताप येतो. त्यात सांधे सुजतात, आणि मुख्य म्हणजे हृदयाच्या झडपांना कायमची इजा होऊ शकते. भारतात आजही तरुण वयात हृदयाच्या झडपांची शस्त्रक्रिया करावी लागणारे रुग्ण आढळतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या आजाराचे मूळ बालपणी दुर्लक्षित राहिलेल्या घशाच्या संसर्गात असते.

दुष्परिणाम कोणते, धोक्याची चिन्हे कोणती?

प्रतिजैविके आतड्यांतील उपयुक्त जिवाणूंनाही मारतात. त्यामुळे शौचास पातळ होणे, पोटात दुखणे, मळमळ होणे, तोंडात पांढरा थर येणे किंवा लंगोटाच्या जागी पुरळ उठणे असे सौम्य त्रास होऊ शकतात. सौम्य जुलाबांमुळे औषध आपल्या मनाने बंद करू नये. बालकाला जलसंजीवनी व भरपूर द्रवपदार्थ द्यावेत आणि डॉक्टरांना कळवावे. शौचातून रक्त पडत असेल किंवा जुलाब तीव्र असतील, तर त्वरित तपासणी करून घ्यावी.

अंगावर उठलेले प्रत्येक पुरळ ॲलर्जीचेच असते असे नाही. तरीही पुढील मात्रा देण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. खाज सुटणाऱ्या गांधी, ओठ, चेहरा किंवा जीभ सुजणे, श्वास घेताना घरघर होणे, बालक एकाएकी निस्तेज होणे ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे आहेत. अशा वेळी औषध बंद करून क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. देशातील बहुतेक राज्यांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

औषध सुरू केल्यावर ताप काही तासांत उतरेल, अशी अपेक्षा ठेवू नये. अनेक संसर्गांत सुधारणा दिसण्यास दोन ते तीन दिवस लागतात. तेवढ्या अवधीत काहीच फरक पडला नाही, तर औषध बदलण्याचा निर्णय स्वतः न घेता पुन्हा तपासणी करावी. मात्र पुढील चिन्हे दिसल्यास वाट पाहू नये : बालक काहीही पीत नसणे, घेतलेले सर्व उलटून पडणे, झटके येणे, सतत गुंगीत राहणे, छाती आत ओढली जाणे किंवा श्वासाचा वेग वाढणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बालकात मिनिटाला ५० किंवा अधिक, तर एक ते पाच वर्षांच्या बालकात ४० किंवा अधिक श्वास हे श्वासाचा वेग वाढल्याचे लक्षण मानले जाते. बालक शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बालकाला ताप आल्यास घरी कोणताही उपचार न करता त्याला थेट रुग्णालयात न्यावे.

लाल रेषा आणि उरलेले औषध

प्रतिजैविकांच्या वेष्टनावर डाव्या बाजूस उभी लाल रेषा असते. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेऊ नये, असा तिचा अर्थ आहे. या रेषेविषयी जागृती करण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये मोहीम सुरू केली. त्यापूर्वी, १ मार्च २०१४ पासून, काही महत्त्वाच्या प्रतिजैविकांसाठी 'अनुसूची एच-१' लागू झाली. सेफिक्झिमसारख्या तिसऱ्या पिढीतील औषधांचा तीत समावेश आहे. या औषधांची विक्री करताना दुकानदाराला डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव आणि औषधाचे प्रमाण स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती नोंद तीन वर्षे जपून ठेवावी लागते. दुकानदाराने चिठ्ठी मागितली, तर तो अडवणूक करीत नसून नियमाचे पालन करीत आहे, हे पालकांनी समजून घ्यावे. केरळ राज्याने २०२४ मध्ये 'ऑपरेशन अमृत' या नावाने चिठ्ठीविना होणाऱ्या विक्रीविरुद्ध तपासणी मोहीमही हाती घेतली.

उपचार संपल्यावर उरलेले सिरप पुढच्या आजारासाठी राखून ठेवू नये. पाणी मिसळलेल्या औषधाची शक्ती तोवर गेलेली असते आणि पुढचा आजार वेगळा असू शकतो. ते भावंडांना किंवा शेजाऱ्यांच्या मुलांना देऊ नये. जुने औषध परत घेण्याची सोय जवळच्या रुग्णालयात किंवा दुकानात असल्यास तेथे द्यावे. उपचार सुरू असेपर्यंत मात्र बाटली व खोके फेकू नये. काही त्रास झाल्यास त्यावरील बॅच क्रमांक उपयोगी पडतो. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात २०२५ मध्ये विषारी रसायनाने दूषित झालेल्या खोकल्याच्या औषधामुळे अनेक बालकांचा मृत्यू झाला. ते औषध प्रतिजैविक नव्हते. मात्र बालकांचे कोणतेही औषध परवानाधारक दुकानातून, पावतीसह आणि वेष्टन तपासूनच घ्यावे, ही गोष्ट त्या दुर्घटनेने अधोरेखित केली.

प्रश्न एका बालकापुरता नाही

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये लंडनमध्ये पेनिसिलिनचा शोध लावला. १९४५ मध्ये नोबेल पुरस्कार स्वीकारल्यावर दिलेल्या व्याख्यानात त्यांनीच इशारा दिला होता, की अपुऱ्या मात्रेत औषध घेतल्यास जिवाणू मरणार तर नाहीतच, उलट त्या औषधाला दाद न देण्यास शिकतील. भारताने या औषधाचे महत्त्व लवकर ओळखले. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक कंपनीची स्थापना झाली आणि पेनिसिलिन देशातच तयार होऊ लागले. त्या काळी जीवनदान ठरलेली अनेक औषधे आज काही जिवाणूंवर निष्प्रभ ठरत आहेत.

वैद्यकीय नियतकालिक 'लॅन्सेट'मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०१९ या एका वर्षात प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गामुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले. या संकटाची झळ लहान बालकांना अधिक बसते, कारण त्यांच्यासाठी सुरक्षित असलेल्या औषधांची संख्या मुळातच मर्यादित असते. एक औषध निष्प्रभ ठरले, तर प्रौढांसाठी दुसरे शोधता येते. तान्ह्या बाळासाठी ते नेहमीच उपलब्ध असेल असे नाही. याच कारणाने दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबर या काळात जगभर जनजागृती सप्ताह पाळला जातो.

प्रतिजैविकांचा प्रभाव टिकवण्याचे काम प्रयोगशाळांत आणि रुग्णालयांत जितके होते, तितकेच ते घराघरांत होते. चिठ्ठीवरील आकडा बाटलीशी ताडून पाहणे, पाणी खुणेपर्यंतच घालणे, मापाने औषध देणे, ते वेळेवर देणे आणि डॉक्टरांनी सांगितले तितकेच दिवस देणे, या गोष्टींना वेगळा खर्च येत नाही. मात्र त्या पाळल्या गेल्या, तर आजारी बालक लवकर बरे होते आणि पुढच्या वेळी गरज पडेल तेव्हा तेच औषध पुन्हा कामास येते.